पश्चिमेच्या भिंतीतली खिडकी

आमच्या घराला खिडकी नव्हती. पुढे एक दार, मागे एक दार, वर कवेलूंचं छप्पर आणि मधे दोन खोल्यांचा अंधार. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत बहुतेक घरं अशीच होती, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र त्या अंधाराचा राग यायचा. राग येणं हे तेव्हा माझं रोजचंच काम होतं.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सभा असो, मोर्चा असो, संप असो, छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे सायकलच्या कॅरिअरवर बांधून आमच्याच घरी यायचे. ताजी शाई हाताला लागायची. पुस्तकात धडा संपला की खाली प्रश्न असायचे; पत्रकात शेवटी काय करायचं ते सांगितलेलं असायचं. उठा, या, सामील व्हा. त्यामुळे काही वाचलं आणि लगेच काही केलं नाही तर माझे हात शिवशिवायचे. ती सवय अजून गेलेली नाही.

घरातली दुरुस्ती हा त्याच शिवशिवण्याचा भाग. मिस्त्री लावायचा नाही, हे माझं तत्त्व होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांनी या शहरासाठी विटा वाहिल्या, गारा कालवला, पराती डोक्यावर घेऊन शिड्या चढल्या. आणि त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला स्वतःच्या घराची भिंत हाताळता येऊ नये, याची मला लाज वाटायची. म्हणून मी दाराची बिजागरी बदलली. तेव्हापासून दार उचलून धरल्याशिवाय लागत नसे. मोरीला सिमेंट केलं. उतार उलटा झाला आणि धुण्याचं पाणी चुलीकडे यायला लागलं. कवेलू फेरायला छपरावर चढलो. गळती खरंच थांबली, पण उतरताना कडेची एक ओळ फुटली. आई काही बोलायची नाही. माझ्या प्रत्येक दुरुस्तीनंतर ती घरातली एखादी वस्तू हलवायची. मोरीनंतर तिने चूल हलवली. बिजागरीनंतर पाण्याचा माठ.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आई बिड्या वळायची. वस्तीतल्या निम्म्या बाया वळायच्या. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि मांडीवर सूप घेऊन बसायचं. पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवून कैचीने पान कापायचं, तंबाखू भरून गुंडाळी करायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. शनिवारी कट्टे कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथला मुनशी कट्टे उघडून पाहायचा आणि मनाला येतील त्या बिड्या बाजूच्या टोपलीत टाकायचा. याला छाट म्हणत. छाटीच्या बिड्या परत मिळत नसत, आणि त्या पुढे कारखान्याच्याच विक्रीच्या पुड्यांत जातात हे बायांना पक्कं ठाऊक होतं.

मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक या छाटीवर होतं. छाट म्हणजे चोरी, एवढंच त्याचं म्हणणं. ते आमच्या गल्लीत मोठ्याने वाचलं गेलं. कोपऱ्यावर राहणाऱ्या, आईसोबत बिड्या द्यायला जाणाऱ्या मावशीने ते दोनदा वाचायला लावलं होतं.

त्या वर्षी होळीच्या आधी आईची छाट फार वाढली. मुनशीने तिला सांगितलं, असंच राहिलं तर कार्ड काढून घेतो. कार्ड गेलं की पानं बंद. बाबांची गिरणी तेव्हा आठवड्यात चार दिवस चालायची, तीन दिवस नाही. आईचं कार्ड गेलं असतं तर घरात काय शिजलं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

ही छाटही चोरीच, असं मी धरून चाललो होतो. पण एका दुपारी आतल्या अंधारात आईला पाहिलं. पान नाकाशी धरून, मान वाकडी करून ती फर्म्याची कड शोधत होती. दिवसा बल्ब लावायचा नाही हा तिचाच नियम. मला वाटलं, सापडलं. आईच्या डोळ्यांना उजेड हवा. घराला खिडकी हवी. आणि तीही आजच.

पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. दक्षिणेला आणि उत्तरेला दारं. उरली पश्चिमेची, पलीकडे मोकळं पटांगण असलेली.

"माय, या भिंतीत खिडकी काढतो मी."

"तिकडून ऊन येते," आई म्हणाली. कैची थांबली नाही.

"उजेड येईन."

"ऊन म्हटलं मी."

त्यावर मी जे बोललो ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. गावकुसाबाहेर आपल्या लोकांच्या झोपड्यांना खिडक्या का नव्हत्या, तिथून मी सुरुवात केली. बाबासाहेबांच्या मागे जाऊन आपण धर्म बदलला आणि घरं तीच ठेवली, असं म्हणालो. शेवटी म्हणालो, उजेडाची भीती गुलामाला वाटते.

आईने कैची खाली ठेवली. "गुलाम कोण? मी?"

"तू नाई माय. व्यवस्था."

"मंग व्यवस्थेलेच विचार, भिंत कुठून फोडू म्हून." आणि ती घागर घेऊन नळावर गेली.

मी ती परवानगी समजलो.

दुसऱ्या दिवशी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून सुरुवात केली. शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहायचे. पाठ गेल्यापासून ते दिवसभर बाहेर खाटेवर बसून असत.

"काय लीडर, भिंतीले भाषण देऊन राहिला का गा?"

"खिडकी काढून राहिलो, मामा."

"पहिले वर खाच पाड अन् आडवं लाकूड टाक. नाई तं कवेलू तुह्या डोक्यात येतीन. मंग मोर्च्यात काय खाट नेतीन का तुही?"

तेवढा सल्ला मी ऐकला. वर आडवी खाच पाडून बाभळीचा ओंडका बसवला आणि मग त्याच्याखाली फोडत गेलो. मातीची भिंत, दोन हात जाड. आत तणस, खापऱ्या, एक हिरव्या बांगडीचा तुकडा. ही भिंत आईनेच घातलेली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. लिंपणाचा थर सुटला तेव्हा खालच्या मातीवर तिच्या चार बोटांचे ओरखडे दिसले, स्वच्छ, जणू कालचे. मी ते पाहिले. आणि सब्बल मारत राहिलो.

तीन दिवस लागले. भंगारातून आणलेली चौकट भोकापेक्षा लहान निघाली. फटी विटांच्या तुकड्यांनी आणि चिखलाने भरल्या. दोरीला कुलूप बांधून ओळंबा केला. ओळंबा सरळ होता, चौकटच वाकडी होती. संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, भिंतीसमोर उभे राहिले.

"ठराव कोणी मांडला?"

"मी."

"अनुमोदन?"

मी ओळंब्याची दोरी गुंडाळू लागलो. बाबांनी हात धुतले आणि जेवायला बसले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मी नाकारणार नाही. सूर्य पूर्वेला, घराच्या पलीकडे होता आणि खिडकीतून नुसता थंड, पांढरा उजेड आत आला. आमचं घर आतून कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. आई सूप घेऊन तिथे बसली. पान नाकाशी न धरता तिने फर्मा लावला, कैची चालवली, आणि चालवतच राहिली. मी तिच्याकडे पाहतोय हे कळल्यावर म्हणाली, "जा नं, कॉलेज नाई का तुले?" पण तिचा चेहरा मोकळा होता.

बाया पाहायला आल्या. कोपऱ्यावरच्या मावशीने खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाली, "माह्या घरी बी काढून दे गा एक. पण दाराले हात नोको लावू."

मी सहा घरांना शब्द दिला. झोप लागेना. मी खिडक्यांवर नवं पत्रक लिहायला घेतलं.

होळी गेली आणि आठ दिवसांत ऊन चढलं. नागपूरचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी एकनंतर सूर्य खिडकीत यायचा तो अंधार पडेपर्यंत हलायचा नाही. त्याच्यासोबत पटांगणावरून झळा यायच्या. आईच्या पुढ्यातली ओली पानं घटकाभरात पापडासारखी वाजायला लागली. वळताना कडेने चिरायची. वारा सुटला की सुपातला तंबाखू उडून तिच्या डोळ्यात.

मी लगेच कामाला लागलो. काटोलहून संत्री ज्या पेट्यांत यायची त्यांच्या फळ्या फळबाजारातून गोळा करून झडप ठोकली. लाकूड कच्चं होतं. चार दिवसांत वाळून आकसलं आणि फळ्यांमधल्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी सुपात पडू लागलं. मग झडपेवर ओलं पोतं टांगलं. त्याने पुन्हा अंधार झाला. शिवाय मी पोत्यावर पाणी मारायचो ते वाऱ्याने आत उडायचं आणि बिड्या दमट व्हायच्या. आई सूप घेऊन चुलीच्या खोलीत गेली, तिथे धूर. मागच्या दारात गेली, तिथेही झळा. दर वेळी ती काहीतरी हलवायची आणि निभवायची. या वेळी हलवायला जागा उरली नव्हती.

चिरलेली पानं मला दिसत होती. पण माझं लक्ष शनिवारवर होतं. त्या शनिवारी मी तिच्यासोबत कारखान्यात जाणार होतो आणि मुनशीला छाट काढताना रंगेहाथ पकडणार होतो.

कारखान्याच्या व्हरांड्यात बायांची रांग. मुनशी चष्मा नाकावर घेऊन सतरंजीवर बसलेला. आईचा नंबर आला. त्याने कट्टा सोडला, एक बिडी दोन बोटांत फिरवली, दाबली. पान चिरलं. टोपलीत. दुसरी. टोपलीत. तिसरी हुंगली. टोपलीत.

"थांबा," मी म्हणालो. "कोणत्या नियमानं टाकून राहिले?"

"हा कोण?"

"पोरगा आहे तिचा," मागून मावशी म्हणाली. "बोल गा, बोल!"

मी बोललो. पत्रकातलं सगळं बोललो. टोपलीतल्या बिड्या कुठे जातात ते विचारलं. मागे बाया गोळा झाल्या, आवाज चढले. माझ्या पायाखाली काहीतरी भक्कम आहे असं वाटत होतं. मुनशी चुळबुळला. एवढ्यात आई म्हणाली,

"थांब. तो बरोबर हाय."

"कोण?"

"मुनशी. बिड्या खराब हायेत. पानं वाळली व्हती, मले माहीत व्हतं. टाकू दे त्याले."

मुनशीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "ऐका," तो बायांना म्हणाला, "लीडरच्या मायचंच ऐका!"

आई त्याच्याकडे वळली. "ह्या खेपेच्या म्हटलं मी. मागच्या खेपेच्या चांगल्या व्हत्या, त्या बी तुमी टाकल्या. आज पाहून घ्या, खराब कशी राहते ते. म्हणजे पुढच्या खेपेले चुकी नाई होणार तुमची."

कोणीतरी फिसकन हसलं. मुनशीचं हसू गेलं. त्याने आईचं कार्ड उचललं आणि पेटीत टाकलं. "या खेपेला पानं ने. पुढच्या शनिवारी पाहतो. असाच माल आणला तर कार्ड इथेच राहील."

परतताना मावशी पूर्ण रस्ता बोलत होती. "सारं उजेडात आणलं गा तू. तुह्या मायच्या बिड्या बी." मला आईचा राग आला होता, हे खरं आहे. रांग माझ्या मागे उभी होती, मुनशी घाबरला होता, आणि तिने त्याच्या हातात सत्य दिलं. घरी येईपर्यंत तो राग मी तोंडात धरून ठेवला.

"काहून म्हटलं तसं तिथं?"

"खोटं बोलू का? मंग त्याच्यात अन् माह्यात फरक काय?"

"तो चोर आहे माय."

"चोर हाय. पण आज त्यानं चोरी नाई केली. आज तू केली." तिने खिडकीकडे पाहिलं. "माही भिंत चोरली."

मग तिने चुलीतला विझलेला कोळसा उचलला, भिंतीशी गेली आणि उभ्या उभ्या हात वर केला. जिथे बोटं पोचली त्याच्याही थोडं वर टाच उंचावून एक आडवी रेघ ओढली.

"याच्या वर राहू दे. खालचं बुजव."

"मंग काय उरते? वारा कुठून येईन?"

"वारा कोणाले पाहिजे? कापायले उजेड लागते. वळायले नाई लागत, ते बोटं करते. अंधारात पान ओलं राहते. कापायले पुढच्या दारात बसलं तं गल्लीतल्या बकऱ्या पानं खाते. उजेड मले बी पाहिजेच व्हता रे. पण वरून. पानावर उजेड, पानाच्या अंगावर ऊन नाई." ती म्हणाली, "ही भिंत मी बंद ठेवली व्हती, ते काय येडी म्हून?"

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. मी घर म्हणत होतो, ती जागा तिचा कारखाना होती. हे मी कामगारांवरची इतकी पत्रकं वाचून एकदाही पाहिलं नव्हतं.

तेव्हाच बुजवायला सुरुवात केली. मी काढलेली माती पटांगणात ढिगाने पडली होती. आईने तिच्यात पाणी आणि तणस टाकलं, लुगड्याचा काष्टा खोचला आणि पायाने तुडवायला लागली. मीही उतरलो.

"टाच मार, टाच," ती म्हणाली. "नाचून नोको राहू."

मिस्त्रीमामा खाटेवरून उठले. किती महिन्यांनी ते आमच्या दारात आले होते. "एका दिवसात हातभरच चढव. वरचा थर घाईत टाकला तं बसते खाली." मला घाई होती, शनिवार जवळ येत होता. मी दीड हात चढवला. सकाळी तो थर पोटात फुगून बाहेर आला होता. मामांनी सब्बलकडे बोट दाखवलं. तो उतरवून पुन्हा घातला. चौकट करवतीने आडवी कापली. एक बाजू बोटभर आखूड झाली, तिथे आजही मातीचा गोळा आहे. शेवटी छपराखाली एक लांब, अरुंद पट्टी उरली. वळचणीमुळे तिथे ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड. झळा डोक्यावरून निघून जातात. भिंत खाली ओली आणि गार.

सुंदर म्हणावी अशी ती खिडकी नाही. तिच्यातून बाहेर पाहता येत नाही. शब्द दिलेल्या सहा घरांत मी गेलो तेव्हा कोळसा त्या त्या घरच्या बाईच्या हातात दिला. दोघींनी खिडकीच नको म्हटलं, आणि मला वाद घालावासा वाटूनही मी घातला नाही. म्हणजे थोडासा घातला.

मधल्या दिवसांत आई पट्टीखाली बसून पानं कापायची आणि आतल्या कोपऱ्यात सरकून वळायची. पानं पोत्यातून मऊ निघायची. वाळलेल्या पानांमुळे गेलेला वेळ भरून काढायला मावशी तिच्याकडे येऊन बसली. मला काम नव्हतं. मी दोरे कापून देत होतो आणि बसल्या जागी पाय हलवत होतो.

"पाय थांबव," आई म्हणाली. "सूप हालून राहिलं."

शनिवारी निघताना ती म्हणाली, "येशीन तं ये. पण बाहेर थांब. तोंड शिवून."

मी फाटकाजवळ उभा राहिलो. ऊन तापलं होतं. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. एकदा मुनशी मोठ्याने काही बोलला आणि त्यावर आई काही बोलली. आत जाण्यासाठी मी दोनदा पाऊल उचललं, दोनदा मागे घेतलं. तेवढं उभं राहणं मला कोणत्याही मोर्च्यापेक्षा लांब वाटलं.

आई बाहेर आली. कार्ड हातात होतं. मी पुढे झालो, पण ती थांबली नाही. भिंतीच्या सावलीत येऊन तिने पदराची गाठ सोडली. आत दोन सुटलेले कट्टे होते.

"हे त्यानं टोपलीत टाकले. मी उचलून आणले."

छाटीच्या टोपलीत आजवर कोणी बाईने हात घातला नव्हता. "तो काही बोलला नाही?"

"बोलला नं. मी म्हटलं, खराब हायेत तं तुमच्या काय कामाच्या? आमच्या घरचे ओढतीन."

मी फाटकाकडे वळलो होतो. हात शिवशिवत होते, वाक्य तयार होतं. मग परत फिरलो, आईसमोर उकिडवा बसलो आणि एक बिडी उचलली. पान कुठे चिरलंय का पाहिलं. तोंडाची दुमड पाहिली. दाबून पाहिली, हुंगली.

"याच्यात खराब काय असू शकते, सांग मले," मी म्हणालो. "एकेक करून सांग."

आई मांडी घालून बसली. "हे पाह्य, पहिले दोरा पाहाचा." ती सांगत होती आणि मी पाहत होतो. चौथ्या-पाचव्या बिडीपाशी आमच्यावर सावली पडली. मावशी बाहेर आली होती. तिचीही पदराची गाठ फुगलेली होती.

"सरक गा," ती म्हणाली, आणि आमच्याजवळ खाली बसली.